न सांडणारा उजेड

आईच्या स्कॅनची चित्रं दूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायची होती, आणि दवाखान्याची इंटरनेटची लाईन सकाळपासून अडखळत होती. लेक बाकावर बसून होती. तिच्या डोक्यावरच केबलची पेटी उघडलेली. शिडीवरचा तारा जोडणारा तावातावाने बोलत होता, खाली त्याच्या वरिष्ठ ताई उभ्या होत्या.

“ताई, ही काचेची तार एक नंबर आहे. कितीही वाकवा, उजेड सांडत नाही.”

“तेच तर दुखणं आहे. जोड जरा तिरका बसला की थोडा उजेड भरकटतो. साध्या काचेच्या तारेत तो वळणावर गळून जातो. ही त्यालाही सोडत नाही. मग पुढच्या जोडावर तो सिग्नलमध्ये घुसून गोंधळ घालतो.”

“पेटी नीटनेटकी दिसावी म्हणून दोन जोडांमध्ये हिचा वीतभरच तुकडा टाकला हो.”

“तिथंच माती खाल्लीस. तुकडा लांब असता, तर भरकटलेला उजेड हळूहळू वाटेतच विझला असता. काढ तो. वीस मीटर घाल, दोन्ही जोड नव्याने कर.”

“पेटीत मावणार नाही.”

“मग बाहेर राहू दे वेटोळं. पेटी बघायला पाहुणे येणार आहेत का?”

“जोड पुन्हा चुकला तर?”

“तर पुन्हा कापायचा.” ताई बाकाकडे वळल्या. “बाई, तुम्ही घरी जा. झालं की दवाखान्यातले कळवतील.”

लेकीने शेजारची पिशवी उचलून खाली ठेवली.

“वेटोळं इकडे द्या. मी धरून बसते.”