आतला कप्पा

नाही नाही, लॅपटॉपमधलं सगळं पुसलंय असं तुम्ही म्हणताय — मी कुठे म्हणतेय? बसा, उभ्या उभ्या कळायचं नाही हे. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो. हं — तर डिस्क बाहेरून एकच दिसते, पण तिच्यात एक कप्पा लपवलेला असतो, पार्टिशन म्हणतात त्याला, तुम्ही शोधून सापडायचा नाही. मशीन नवीन असताना जसं होतं तशी त्याची अख्खी नक्कल, आम्ही इमेज म्हणतो, ती त्यात पडून असते. बिघडलं की चालू करताना एक बटण दाबायचं, इमेज बाहेर येते, लॅपटॉप पुन्हा कोरा. तुम्हाला तेच हवंय ना — कोरा करून बायकोला द्यायचाय? छान. प्रेमळ आहात. पण एक सांगा, आतली इमेज कंपनीचीच आहे, की मध्ये कुणा दुरुस्तीवाल्याने आपली करून ठेवलीय? माहीत नाही ना? तेच म्हणते मी. तसं असेल तर हा, ती इमेज केली त्या दिवसावर जाईल, आणि त्या दिवशी यात जे जे होतं ते सगळं तुमच्या बायकोपुढे हात जोडून हजर.

हसू नका, आमच्याच घरात झालंय. आमच्या ह्यांना कॉम्प्युटर बिघडवायचा भारी सोस — दिसेल त्यावर क्लिक करायचं आणि मग मला हाक मारायची. मी कंटाळले. कंपनीची इमेज काढून टाकली आणि एकदा मशीन नीट चालत होतं तेव्हा त्याचीच इमेज करून कप्प्यात ठेवून दिली. आत काय आहे ते बघितलंही नाही — काय असणार, जुनी गाणी आणि हापिसाच्या फायली. पुढे ह्यांनी नवा घेतला. जुना स्वतः पुसला, अगदी मन लावून, आणि सासूबाईंना दिला, पत्ते खेळायला. तो अडकायला लागला. सासूबाई म्हणाल्या, बघ गं जरा. मी बटण दाबलं. आणि त्यात एक फोटोंचं फोल्डर आलं, पूर्वी कधी न पाहिलेलं.

बाई? बरोबर, तुमचं लक्ष तिकडेच जाणार. अहो, बाई असती तर बरं झालं असतं, भांडायला समोर माणूस तरी मिळालं असतं. खोली होती. रिकामी, एकट्याला पुरेल एवढी. चारी कोपऱ्यांतून काढलेले फोटो. भिंतीला टेप लावून माप घेतलेलं — टेप आमचीच, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधली, जी मी तेव्हा घरभर शोधत होते. आणि एका फोटोत खिडकीच्या काचेत हे स्वतः. हसत होते. मी म्हटलं, हा माणूस ओळखीचा वाटतोय, कुठे बरं पाहिलाय — मग आठवलं, लग्नाच्या अल्बममध्ये.

रडले बिडले नाही मी. सासूबाई शेजारीच बसलेल्या ना, पत्त्यांची वाट बघत. म्हटलं, त्यांना काय कळतंय. मग नीट पाहिलं — टेपला दोन टोकं असतात. एक ह्यांच्या हातात असणार, पण दुसरं धरलेला हात फोटोत आला होता, मनगटात जाडसं कडं. ते कडं माझ्या शेजारीच होतं. मी वर बघितलं. त्या म्हणाल्या, ‘खोली बरी होती. पण स्वयंपाकाच्या ओट्याला जागा नव्हती. मी म्हटलं, जेवणार कुठे रे तू? तेव्हा मुकाट घरी आला.’ झालं. आमचा संसार टिकला तो ओट्याच्या कृपेने.

मी काय केलं? काही नाही. म्हणजे, तसं काही नाही. सासूबाईंना पत्ता विचारला. खोली अजून रिकामीच होती. मला दुकानाला जागा हवीच होती, आणि मला काही ओटा लागत नव्हता... असं भिंतींकडे काय बघताय? हो, हीच. खिडकी तीच. हे पहिल्यांदा आले तेव्हा उंबऱ्यातच थांबले, पाय आत पडेना. मी विचारलं, कशी आहे जागा? तर म्हणाले, ‘उजेड चांगला आहे.’ एवढंच. मीही पुढे काही विचारलं नाही. आता रोज दुपारी डबा घेऊन येतात, त्या खिडकीशी बसतात, मी काम करते. फार बोलत नाही आम्ही. पण घरापेक्षा इथे खूश असतात — ते मला दिसतं, बरं का. परवा म्हणाले, दुसरी किल्ली करून दे. मी म्हटलं, किल्लीवाला गावाला गेलाय. कुठला गावाला जातोय, खालीच तर बसतो तो. पण किल्ली दिली, आणि एखाद्या दिवशी मी घरी असताना हे इथेच — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

तर तुमचं बोला. आतला कप्पाही पुसायचा का? पुसायचा तर तसं सांगा, मी काही विचारणार नाही — थांबा. जिन्यावर पावलं वाजली. लॅपटॉप राहू दे इथेच, उद्या या. आणि हे बघा, आपण फक्त डिस्कबद्दल बोललो.

अहो, या ना. बसा खिडकीशी. हे गिऱ्हाईक निघालंच होतं.