चौथी पासचा दाखला

एक्क्याण्णव सालचा जून महिना, सोमवार, सकाळचे साडेअकरा. प्रश्न होता महिना शंभर रुपयांचा. तालुक्याच्या कचेरीत निराधार अनुदानाच्या कमिटीपुढे त्या दिवशी कोण कोण हजर होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल. कमिटीचे अध्यक्ष आणि दोन सदस्य, कारकून, मी, माझी बायको इंदू, आमची धाकटी पोरगी रेखा, तेव्हा पंधरा वर्षांची, आणि कमिटीनं बोलावून घेतलेले आमच्या गावच्या शाळेचे यशवंत गुरुजी, फडक्यात बांधलेलं रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेले. एकूण आठ माणसं. या आठांत खरं काय ते पुरतं दोघांनाच माहीत होतं. मला आणि गुरुजींना.

आता मुळापासून सांगतो. आमचं गाव बोरी नदीकाठचं, अमळनेरहून एसटीनं पाऊण तास. माझे वडील मापाडी होते, मीही बाजार समितीच्या आवारात मापाडी झालो. शेंगा, कापूस, दादर ज्वारी, जे येईल ते तोलायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि चिठ्ठीवर सही करायची. एकतीस वर्षं मी हे काम केलं, आणि व्यापारी असो की शेतकरी, रघुनाथ नानाच्या काट्यात पावशेराचा फरक निघाला असं कोणी म्हणालं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढे त्याचा संबंध येणार आहे म्हणून सांगतो.

दोन पोरी मला. सुनंदा मोठी, रेखा तिच्याहून सहा वर्षांनी लहान. रेखा चार वर्षांची झाली तरी हाक मारली तर बघायची नाही. आम्हाला वाटलं बहिरी आहे, पण दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी सुरू झाली की ही उठून त्या आवाजाकडे चालायला लागायची, मग बहिरी कशी. बोलायची, पण आपलं बोलायची नाही. इंदूनं विचारलं, भाकर खाशी का, तर तीही म्हणायची, भाकर खाशी का. दिवसभर तेच. घरी वडिलांची जुनी लोखंडी वजनं होती, पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत, ती भिंतीशी ओळीनं लावायची, मोठ्यापासून लहानापर्यंत. एक जरी इकडचं तिकडे झालं तर डोकं भिंतीवर आपटायची. इंदूच्या दंडावर तिच्या दातांचे वण आहेत, अजून आहेत, ती पदराखाली ठेवते.

देवाचं केलं, बाहेरचं बघितलं, सगळं झालं. शेवटी ऐंशीच्या पुढे कधीतरी धुळ्याला एका तरुण डॉक्टरांनी तासभर तिच्याकडे नुसतं बघितलं आणि सांगितलं, नाना, हिला ऑटिझम आहे, हे औषधानं जाणारं नाही, हिला जन्मभर कोणीतरी लागेल. तो शब्द मी चिठ्ठीवर लिहून घेतला. कितीतरी वर्षं ती चिठ्ठी मी पाकिटात बाळगली, पण ज्याला दाखवली त्यानं विचारलं, म्हणजे काय. मलाही सांगता यायचं नाही.

आता गुरुजींचं सांगतो. यशवंत गुरुजी माझ्याच वयाचे, माझ्याच ओट्यावर बसणारे. ब्याऐंशी साली ते घरी आले, इंदूनं चहा ठेवला. म्हणाले, नाना, शाळेचा पट कमी पडतो आहे, दोन नावं कमी पडली तर दुसऱ्या मास्तरची जागा जाईल आणि एक मास्तर चार वर्ग कसा सांभाळणार, तर रेखाचं नाव घालू द्या. मी म्हटलं, अहो ती शाळेत बसणार कशी. तर म्हणाले, तिला बसायचं कशाला, नाव बसेल. शाळेत मिळणारा तिच्या वाट्याचा सुकडीचा खाऊ घरी पोचवू.

मी हो म्हणालो. का म्हणालो? गावाची शाळा टिकेल हे एक, मित्र सांगतो आहे हे दुसरं. आणि तिसरं खरं कारण असं की, काय सांगू तुम्हाला, आपल्या पोरीचं नाव इतर पोरींसारखं हजेरीत आहे याचं मला बरं वाटलं. चार वर्षं दर परीक्षेनंतर प्रगतिपुस्तक घरी यायचं आणि मी पालक म्हणून त्यावर सही करायचो. चौथीला गणितात बासष्ट. मी बाजारात पावशेराला भांडणारा माणूस, आणि त्या बासष्टाखाली मी सही केली. इंदूला अक्षरओळख नाही. तिनं विचारलं, हे काय लिहेल शे, तर मी सांगितलं, शाळेचं काहीतरी.

इथंच थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. एकोणनव्वदला सुनंदाचं लग्न जमत होतं, साक्रीकडचं स्थळ, बागायती, मुलगा एसटीत. बैठकीला त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, नाना, धाकटीचं काही ऐकू येतं, खरं का. एका घरात अशी एक पोर असली की दुसरीचंही मोडतं आमच्याकडे, तुम्हाला माहीत असेल. मी उठलो, पेटीतून चौथी पासचा दाखला काढला आणि त्यांच्या हातात दिला. गुरुजी शेजारीच बसले होते, म्हणाले, माझीच विद्यार्थिनी. रेखा त्या दिवशी माझ्या बहिणीकडे होती. सुपारी फुटली.

नव्वद साली तलाठ्यांनी सांगितलं की अशा पोरांना सरकार महिना शंभर रुपये देतं, अर्ज करा. इंदू शेतात मजुरीला जायची ती रेखाच्या पायी बंद झाली होती, तिला एकटी सोडता येत नव्हती. शंभर रुपये म्हणजे काय हे तुम्हाला आज कळणार नाही. अर्जावर रकाने होते : आंधळा, अस्थिव्यंग, मूकबधिर, मतिमंद. मी पाकिटातली चिठ्ठी काढून दाखवली. कारकून म्हणाला, भाऊ, याचा रकाना नाही, मतिमंदवर खूण करतो. दवाखान्याचा दाखला जोडला, दोन बुधवार गेले त्यात. मग वर्षभर वाट. दर सोमवारी कचेरीत जाऊन विचारायचं. तिथं अशीच आणखी आईबापं असायची, एक बाई नशिराबादहून लग्न होऊन इकडे आलेली, तिचा पोरगा दिवसभर हात हलवायचा. आम्ही एकमेकांसाठी बाकावर जागा धरायचो. तिचं काम माझ्याआधी झालं. मला आनंद झाला असं म्हणत नाही, पण मी तिला पेढे आणायला लावले.

आणि मग तो जूनचा सोमवार. टेबलावर रबरी शिक्के पडले होते, सहा. अध्यक्ष कागद वाचत होते तोवर रेखा पुढे गेली आणि तिनं ते सहाही शिक्के ओळीनं लावले, मोठ्यापासून लहानापर्यंत, एकही चूक नाही. एक सदस्य हसून म्हणाले, हुशार शे ना हो पोर, नाना. इंदू म्हणाली, साहेब, ती तेवढंच करस, दुसरं काहीच नही. दुसरे सदस्य म्हणाले, आमच्या साहेबांनाही तेवढंच येतं. सगळे हसले, अध्यक्षही. मग त्यांनी अर्जाला कोणीतरी जोडलेला कागद वर काढला. गावातल्या कोणी कळवलं ते मला आजपर्यंत कळलं नाही. म्हणाले, इथं तर ही चौथी पास आहे, गणितात बासष्ट, मग मतिमंद कशी? गुरुजी, रजिस्टर दाखवा. हे रेकॉर्ड बरोबर आहे का?

गुरुजींनी फडकं सोडलं, पान काढलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, रेकॉर्ड बरोबर आहे.

एवढंच. अर्ज नामंजूर. रेखाला उठवताना ती शिक्के सोडेना, तिच्या मुठीतून एकेक काढावा लागला.

त्या दिवशी एसटीत गुरुजी आमच्या पुढच्याच सीटवर होते. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, गुरुजी, तीन ओळी लिहून द्या, की ही मुलगी शाळेत कधी बसली नाही. ते म्हणाले, नाना, एक नाव खोटं म्हटलं की बाकीचीही तपासतील, माझी चार वर्षं राहिली आहेत, माझं पेन्शन जाईल. मी म्हटलं, आणि माझी पोर? तर खाली मान घालून म्हणाले, प्रगतिपुस्तकावर सही तर तुमचीच आहे ना.

घरी येऊन इंदूला सगळं सांगितलं. सही म्हणजे काय, बासष्ट म्हणजे काय, बैठकीत मी काय दाखवलं, सगळं. तिनं चुलीवरची भाकर उलटली आणि म्हणाली, म्हणजे तुम्ही दोन्हीसनी मिळीसन पोरले पास करी टाकं. त्यानंतर किती दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी गुरुजींना विश्वासघातकी म्हणत गावभर फिरलो, आणि घरात मला तोच शब्द कोणी म्हणत नव्हतं, पण ऐकू येत होता.

मग मी ठरवलं की आपणच प्रतिज्ञापत्र करायचं, दाखला खोटा आहे म्हणून. पण ते केलं की कागद फिरणार, साक्रीला कळणार. कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगावं म्हणून मी व्याह्यांकडे गेलो. ओसरीवर बसून सांगितलं, मी तुम्हाला खोटा कागद दाखवला. व्याही सुपारी कातरत होते. म्हणाले, नाना, आम्हले बठ्ठं माहीत व्हतं. लग्नाच्या आधीच सगळं माहीत होतं, पोर चांगली वाटली म्हणून गप्प बसलो. आता तुम्ही कचेरीत लिहून देणार, म्हणजे आमच्या घराचं नाव सरकारी कागदावर नेणार. ते जमायचं नाही.

मी तरी दिलं लिहून. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, व्याह्यांनी सुनंदाला माहेरी पाठवलं नाही. आमच्या खान्देशात आखाजीला पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, हे तुम्हाला सांगायला नको. रेखाला वर्षभरातला तो एकच दिवस कळायचा. निंबाला झोका बांधला की सुनंदा तिला मांडीवर घेऊन बसायची आणि ती तासन् तास शांत असायची. त्या वर्षी मी झोका बांधला. ती खाली उभी राहिली आणि बसेना. सुनंदा येशी का, सुनंदा येशी का, असं म्हणत राहिली, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी मी झोका बांधलाच नाही. चौथ्या वर्षी जावई स्वतः सुनंदाला घेऊन आला, बापाला न विचारता. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

प्रतिज्ञापत्राचा उपयोग झाला नाही. शाळेच्या लेखी पत्राशिवाय रजिस्टर खोटं धरता येत नाही, असं उत्तर आलं. चार वर्षं मी त्या उत्तराला उत्तर लिहीत होतो.

पंचाण्णवला गुरुजी रिटायर झाले. सहा महिन्यांनी त्यांचं पेन्शन मंजूर झालं, मागच्या फरकासकट. त्याच आठवड्यात ते सकाळी माझ्या ओट्यावर आले, हातात पाकीट. आत पत्र होतं, तीन ओळींचं, जसं मी सांगितलं होतं तसंच : कुमारी रेखा ही वर्गात प्रत्यक्ष कधीही हजर नव्हती. म्हणाले, नाना, आता माझं काही जाणार नाही. मी ते पत्र घेतलं. घ्यावंच लागलं. बसा म्हटलं नाही. त्यांचे डोळे भरले होते, पण मी साडेचार वर्षं मोजली होती, त्यांच्या डोळ्यांचं काय करू.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये अर्ज मंजूर झाला. मधल्या काळाचं काही मिळणार नाही, मंजुरीच्या महिन्यापासूनच, असं आदेशात लिहिलं होतं. मी भांडायला कागद काढला, इंदू म्हणाली, ठेवा तो. अनुदान पालक म्हणून माझ्या नावे करा, असं तिनंच कचेरीत सांगितलं होतं. मी शेजारी उभा होतो.

आता रेखा बावीसची आहे. भिंतीशी वजनं लावते, गिरणीचा आवाज आला की उठते. आमच्यामागे तिचं कोण, हे मी आता विचारत नाही, सुनंदानं सांगितलं आहे, मी आहे. गुरुजी रस्त्यात भेटले की नमस्कार करतात. मीही करतो.

तुम्ही शेवटी काय मिळालं ते विचारलंत ना. मे महिन्यात पहिली मनिऑर्डर आली. पोस्टमननं ओट्यावर पैसे मोजले, इंदूचा अंगठा घेतला. अंगठ्याला साक्षीदार लागतो. पोस्टमन फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाला, नाना, करा सही. मी खिशातला पेन काढला. इंदू म्हणाली, त्यास्नी सही नको. त्यास्न्या सह्या बठ्ठ्या व्हई गयात.

मी पेन परत खिशात ठेवला. पोस्टमननं गिरणीवाल्याला हाक मारली, तो पिठाच्या हातानं आला आणि सही करून गेला. रुपये शंभर फक्त, मिळाले, इंदूबाई रघुनाथ यांना. तेव्हापासून दर खेपेला साक्षीदार गिरणीवालाच.