तो नंबर माझा होता

इथं जमलेले दिगंबरचे नातेवाईक, दुकानदार मंडळी, त्याच्या कंपनीतले सहकारी आणि वहिनी, सगळ्यांना नमस्कार.

मी कचेरीतला कारकून माणूस. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. वहिनींनी सांगितलं नसतं तर आजही मागं बसून निघून गेलो असतो.

आत्तापर्यंत चार जण बोलले. दिगंबर हसतमुख होता. दिगंबर मनमिळाऊ होता. ऐकलं मी. यातल्याच दोघांनी गेल्या पंधरा दिवसांत परभणीभर काय सांगितलं, तेही ऐकलंय.

दिगंबर बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर होता. सोनपेठला लॉजवर सकाळी छातीत कळ येऊन गेला. त्याला आणायला सहकारी गेले. त्यांच्या हातात त्याचा साधा बटणाचा फोन आला. त्यात रोज संध्याकाळी सातला एकच नंबर. नाव नाही. त्याचा मोठा, इंटरनेटचा फोन सापडला कृषी केंद्राच्या गल्ल्यात. झालं. बाई ठेवली होती. फोन लपवून ठेवत होता. दहाव्याला घाटावर तुमच्यातल्याच एकानं वहिनींच्या भावाला विचारलं, "ती कुठली हाय हो, सोनपेठचीच का?"

तुम्ही सगळ्यांनी तो नंबर पाहिला. किती वेळा लावलाय ते मोजलं. एकानंही तो लावून बघितला नाही. लावला असता तर माझा फोन वाजला असता.

तो नंबर माझा आहे.

दिगंबरला लैंगिक व्यसन होतं. दारूचं असतं तसंच. मोबाईलवर नको ते बघणं, दौऱ्यावर एकटा असला की लॉजवर बाई बोलावणं. वहिनींना त्यानं हे स्वतः सांगितलं होतं. मलाही तेच व्यसन आहे. हो, मलाही. आम्ही काही जण दर रविवारी बसतो आणि एकमेकांना सांभाळतो. तिथं कोण येतं ते बाहेर सांगायचं नाही, असा आमचा नियम. म्हणून वहिनींनाही माझं नाव माहीत नव्हतं.

तो म्हणायचा, "घरी मी सरळ असतो. लॉजची कडी आतून लावली की माझा माझ्यावर भरवसा राहत न्हाई."

म्हणून तो काय करायचा? संध्याकाळी मोठा फोन दुकानदाराकडं ठेवायचा. लॉजवर काउंटरशेजारची खोली मागायचा. झोपेपर्यंत दार उघडं. सातला मला फोन. एसटी मिळाली तर तीन तास उभा राहून घरी यायचा आणि सकाळी परत जायचा. तुम्ही काय म्हणायचात? "महाराज निघाले." "वहिनी लय धाकात ठेवतात वाटतं." आणि कंपनीची मीटिंग संपली की त्याच्या खांद्यावर हात टाकून, "चल की, एक दिवसानं काय होतंय?"

एक दिवसानं काय होतं ते त्याला माहीत होतं. तुम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं. बाई बोलावली असती तर तुमच्यातला झाला असता. नाही बोलावली, तर मेल्यावर तुम्हीच त्याच्या नावानं बोलावलीत.

मीही वेगळा नाही. पंधरा दिवस सगळं ऐकत होतो आणि गप्प होतो. नोकरी जाईल, मुलीचं लग्न मोडेल, असले हिशोब करत होतो. त्या हिशोबांची मला किळस येते.

परवा फोन आला. बाईचा आवाज. "कोण बोलायलंय?" मी नाव सांगितलं. मग वहिनी एवढंच म्हणाल्या, "पुरुष हाय." आणि रडल्या. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, हे मला सांगून काय उपयोग? त्या सगळ्यांसमोर सांगा."

सांगितलं.

गेला त्या सकाळी त्यानं मला फोन केला होता. म्हणाला, "कालची रात्र लय जड गेली. पण गेली." व्यसन सोडून त्याला त्या दिवशी चौदा महिने पूर्ण झाले होते.

आता दोन मिनिटं उभं राहू. श्रद्धांजली ज्याची त्यानं ठरवावी. माझी मागणी एवढीच, की दोन मिनिटं त्याच्याबद्दल कुणी बोलू नये. नंतर बाहेर चहाच्या टपरीवर बोलायचं असेल, तर आता माझ्याबद्दल बोला. मी जिवंत आहे, उत्तर देईन.

दिगंबर, तू सुटलेला गेलास. तुला नमस्कार.