तिसऱ्या आठवड्यातला लाल

(घरामागची बाग. टळटळीत दुपार. यॅरो नावाच्या फुलझाडांच्या वाफ्यातून चुन्याची एक सरळ रेघ गेलेली. दोघी वाफ्यात वाकलेल्या.)

नणंद : थांब, वहिनी. पहार आधी खाली ठेव. दादाचा तो लाल यॅरो यातला कुठला, ते दाखव, मग खणू.

वहिनी : तेच तर मला दाखवता येत नाही, वन्सं.

नणंद : असं कसं? हा वाफा गेली बारा वर्षं तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे.

वहिनी : फुलं असती तर खिडकीतूनच बोट दाखवलं असतं. आत्ता नुसता पाला आहे. बघा ना, इथून तिथून बहुतेक सगळा गाजराच्या पाल्यासारखा.

नणंद : मग पाट्या बघ की. दादा प्रत्येक ठोंबापाशी पत्र्याची पाटी खोचायचा, त्याच्या त्या किडमिड्या अक्षरात. ह्या काय, जागच्या जागी आहेत. ही... ही कोरी आहे गं. ही पण.

वहिनी : एकतीसच्या एकतीस कोऱ्या आहेत. मी धुतल्या.

नणंद : काय केलंस?

वहिनी : हे दवाखान्यात होते तेव्हा. डॉक्टर म्हणाले, शनिवारी घरी सोडतो. मी घर आवरलं, पडदे धुतले, मग इथे आले. पाट्यांवर चिखल, शेवाळ. म्हटलं, घरी आले की चहाच्याही आधी इथे येऊन उभे राहतील, तेव्हा जरा लख्ख दिसू दे. राख घेतली, काथ्या घेतला आणि घासल्या. शेवटची पाटी खोचली आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

नणंद : दादाला सांगितलंस?

वहिनी : शनिवारी सांगणार होते. शनिवार उजाडला, पण हे नव्हते.

नणंद : ...आमच्या वॉर्डात एखाद्या नव्या नर्सनं पेशंटच्या मनगटावरच्या नावाच्या पट्ट्या धुऊन ठेवल्या असत्या ना, तर मी तिला...

वहिनी : बोला, बोला. सहा महिने मी स्वतःला जे बोलतेय, त्याच्यापुढे काहीच नाही ते. फक्त बोलता बोलता ती बादली इकडे सरकवा.

मुकादम : (गल्लीतून आत येत) बाई, कशाला उन्हात घाम गाळताय? उद्या आठला नळाचा चर खणायला आमचं मशीन येतंय. एका फटक्यात सगळं गवत साफ.

वहिनी : म्हणूनच आज काढतेय, मुकादम. आणि हे गवत नाही.

नणंद : तुमची रेघ चार हात पलीकडे नाही का सरकणार? नळाला काय, इथून गेला काय आणि तिथून गेला काय.

मुकादम : ताई, हा सांडपाण्याचा नळ आहे. उतार बिघडला तर गल्लीतलं सगळं पाणी तुमच्याच न्हाणीघरात पाहुणं म्हणून येईल. फार तर आठच्या ऐवजी दहाला सुरू करतो. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही.

वहिनी : रेघ राहू द्या जिथे आहे तिथे. दहा वाजता करताय, तेवढे उपकार पुरे. मला एवढंच सांगा, कोपऱ्यावर तुमची खडी पडलीय, ती उरलेली आहे की लागणार आहे?

मुकादम : उरलेलीच. पण झाडं लावायला खडी? लोक माती मागतात, बाई.

वहिनी : ह्या झाडाची तऱ्हा उलटी आहे. चार घमेली इथे आणून टाकायला सांगा, त्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली.

मुकादम : टाकतो बुवा. बघू तरी खडीत काय उगवतंय ते.

नणंद : गेला बाबा. आता मला सांग, एकतीस ठोंब आपण दोघी उद्या दहापर्यंत कसे काढणार?

वहिनी : एकतीस नाही. ही करड्या पानांची घ्या, चुरगळून वास बघा.

नणंद : उग्र आहे. कापरासारखा.

वहिनी : तो उंच पिवळा. ते आठ झाले. आणि हे चार बघा, यांची पानं झिरमिळीत नाहीत, अरुंद आणि दातेरी आहेत. हा बटणासारख्या पांढऱ्या फुलांचा. बारा गेले. त्यांची एकेक फांदी राखली तरी पुरे. राहिले एकोणीस. त्यात पांढरे, गुलाबी, लाल, आणि कुठेतरी ह्यांचा लाल.

नणंद : तर मग असं करू. चार-पाच चांगले दणकट निवडू आणि भाजीच्या वाफ्यात लावू. काळीभोर माती आहे, खत घातलेली.

वहिनी : अजिबात नाही. खतानं यॅरो माजतो. भसाभस वाढतो, लोळण घेतो आणि मधून कुजतो. पहिल्या वर्षी मी हौसेनं टोपलीभर शेणखत घातलं होतं, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्याला हलकी, खडकाळ जागा लागते आणि दिवसभर ऊन. तशी जागा एकच, दोरीखालची. आणि निवडायचे नाहीत. एकोणीसही जायचे.

नणंद : कपडे कुठे वाळत घालशील?

वहिनी : गच्चीत.

नणंद : त्या गुडघ्यांनी?

वहिनी : गुडघे कुरकुरतील. कुरकुरू देत. हं, हा ठोंब उचला. मधलं लाकूड झालंय ते टाकून द्या. कडेचे कोवळे फुटवे घ्या. प्रत्येकाला मूळ हवं, नाहीतर उपयोग नाही.

नणंद : एवढं सगळं तुला कधी कळायला लागलं गं? तू तर दिवसभर शिवणयंत्रावर असायचीस.

वहिनी : यंत्र खिडकीपाशीच होतं. कान उघडे होते.

नणंद : बरं, लागले एकोणीस. दोन महिन्यांनी फुलले. लाल तर सात-आठ निघतील. त्यातला दादाचा कसा ओळखशील?

वहिनी : पहिल्या आठवड्यात नाहीच ओळखता येत. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात बाकीचे लाल विटतात, कच्च्या रंगाच्या अस्तरासारखे. ह्यांचा विटत नाही.

नणंद : तू पाहिला आहेस?

वहिनी : ...नाही.

नणंद : बारा वर्षांत?

वहिनी : दुसऱ्या आठवड्यात मी फुलं कापून फुलवाल्याच्या दुकानात विकायला ठेवायची. हे मागच्या बाजूला दोन दांडे राखायचे. जेवताना सांगायचे, "आज बावीस दिवस झाले, अजून तसाच आहे." मी म्हणायची, "हो का? भाजी वाढू?" दहा पावलं होती, वन्सं. मी एकदाही उठून पाहायला गेले नाही.

नणंद : मला फोनवर सांगायचा. मी इंजेक्शन भरता भरता "अरे वा" म्हणायची.

वहिनी : ह्या वर्षी एकही फूल कापणार नाही. रोज सकाळी जाऊन उभी राहणार.

नणंद : तिसऱ्या आठवड्यात मी येते. रजा आहे माझी शिल्लक. पण वहिनी, राग मानू नकोस. सगळेच विटले तर? तो ठोंब ह्या सहा महिन्यांत मेलाही असेल.

वहिनी : मग बी धरायचं.

नणंद : बियातून तोच येतो?

वहिनी : तोच नाही येत. पांढरे येतात, गुलाबी येतात, आईबापांवर न गेलेली पोरं. त्यातला लाल ठेवायचा, विटला की काढायचा, उरला त्याचं बी पुन्हा पेरायचं. ह्यांनी तसंच केलं.

नणंद : त्याला बारा वर्षं लागली.

वहिनी : माहीत आहे.

नणंद : तू एकसष्टची आहेस.

वहिनी : बासष्ट.

नणंद : म्हणजे चौऱ्याहत्तर.

वहिनी : चौऱ्याहत्तरची मी तशीही होणारच आहे. पाय जरा मागे घ्या, वन्सं, ठोंबावर पडतोय.