दातावरचा ठसा

—तिथे नको, इकडे या, तो पालथा डबा आहे ना, त्यावर बसा. खुर्चीवर बेअरिंगं मांडलीत. आणि काकूच म्हणा हो, मॅडम म्हटलं की दुकानात उभी असल्यासारखं वाटतं — दिवसभर चष्म्याच्या काचा घासते मी, तिथे सगळे मॅडमच म्हणतात. हां, तर फोनवर तुम्ही काय म्हणालात, आज जुळलं नाही तर दुसरी गाडी बघतो. रागावले नाही मी. तिसरा हेलपाटा तुमचा, मी असते तर कधीच दुसरी घेतली असती. पण आज दोन हात जास्त आहेत, आज होईल. बाह्या सरसावा. माझं हे पहिलंच डिफरन्शियल, ते तुम्हाला आधीच सांगितलंय — लपवलेलं काही नाही.

हे बघा. इंजिनाकडून दांडा येतो, त्याच्या टोकाला हा लहान गिअर, पिनियन. आणि ही मोठी दातेरी चकती, क्राउन. पिनियन फिरला की क्राउन फिरतो, क्राउन फिरला की मागची चाकं. संपलं. पण पिनियन केसभर जास्त आत गेला की गाडी रडत चालते, केसभर बाहेर राहिला की दात खाऊन टाकते. तो केस मागेपुढे करायला या पातळ पत्र्याच्या चकत्या — शिम म्हणतात — हात लावू नका, क्रमाने ठेवल्यात. क्रमानेच तर सगळा घोळ झाला. ह्यांनी हौसेने मोठे टायर घातले, मग गाडी चढावर धापा टाकायला लागली, म्हणून हे नवे गिअर आणले. आमच्या ह्यांचं कसं, डोक्यात एकदा आलं की ताट वाढलेलं तसंच राहायचं. मोजून मोजून शिम निवडल्या आणि तीन तारांत ओवून ठेवल्या — पिनियनच्या एका तारेत, डावीकडच्या एकीत, उजवीकडच्या एकीत. कागदावर काही नाही. म्हटलं, लिहून ठेवा की. तर म्हणे, मी काय विसरणार आहे? आणि हात धुवायला आत गेले. बेसिनपाशीच पडले. नळ चालूच होता.

नाही, असू द्या. नऊ महिने झाले.

मग माणसं यायला लागली भेटायला. एवढी माणसं, आणि घर हे एवढंसं. बसायला जागा हवी म्हणून गॅरेज आवरायला घेतलं मी, आणि आवरायला घेतलं की मला थांबता येत नाही. काळ्याकुट्ट, तेलकट चकत्या दिसल्या, तारांतून काढल्या, रॉकेलमध्ये धुतल्या, एकेक पुसली — चष्म्याची काच पुसावी तशी — आणि सगळ्या एका डबीत भरल्या. लख्ख. दोन महिन्यांनी कळलं काय केलं ते. दीर म्हणाले, वहिनी, भंगारवाल्याला देऊन टाका. दिरांचं काय, ते मला मिक्सरसुद्धा उघडू देणार नाहीत. मुलगी फोनवर तेच — आई, तुला कशाला ते? मी म्हटलं, उघडी गाडी विकायची नाही मला. जोडून विकीन. त्यात काय चुकलं? मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजायची सवय आहे माझ्या हाताला. फक्त हे बेअरिंग — दाबून बसवायचं, दातांना रंग लावून ठसा बघायचा, चुकला की पुलर लावून उपसायचं, शिम बदलायची, परत दाबायचं. मनगटं गेली. मग जुनं बेअरिंग आतून पॉलिश पेपरने घासून घासून सैल केलं, तीन दिवस लागले, आता हाताने चढतं, हाताने उतरतं. कुणी शिकवलं नाही. ह्यांना सुचलं असतं का, कोण जाणे.

धरा आता. दोन्ही हातांनी, हे फडकं घेऊन क्राउनला धरा. तो पिवळा रंग चार दातांवरच लावलाय, तिथे बोट नको. मी पान्याने पिनियन फिरवते, तुम्ही अडवायचं — घट्ट आवळू नका, नुसतं अडवायचं, फिरू द्यायचं पण सुखासुखी नाही. अडवलं नाही तर ठसाच उमटत नाही. पूर्वी मी तुमच्या जागी असायचे. ह्यांनी दोघा-चौघा मित्रांच्या गाड्या केल्या, दर वेळी हाक यायची, ए, जरा धर गं. कणीक भिजवलेल्या हातांनी यायचे मी. आणि ठसा त्यांच्या बाजूला उमटायचा, मला तो कधी दिसलाच नाही. हे म्हणायचे, जमलं, आणि मी परत आत. त्यामुळे गेल्या बुधवारी बघितला ना, दाताच्या अगदी मधोमध, ना वर ना खाली, तेव्हा—

म्हणजे, जवळजवळ मधोमध.

नाही, सोडू नका, धरा. एकटीनेच, हो. ह्यांचा कमरेचा पट्टा क्राउनभोवती घातला आणि पायाने ताणून धरला. जमतं एकटीला. — हो. बुधवारी. तुम्हाला गुरुवारी फोनवर म्हटलं, अजून जमत नाहीये. — अहो, काय सांगू. गोल आला होता, सुरेख, दोन्ही बाजूंना. दातांमधली मोकळीकही काट्याच्या मापावर मोजली, हवी तितकीच. अर्धा तास बघत बसले. मग म्हटलं, आता काय? आता तेल भरायचं, चाकं लावायची, तुम्ही येणार, घेऊन जाणार. आणि उद्या सहा वाजता दुकानातून आल्यावर मी काय करू? कुलूप उघडून कुठे जाऊ? परत सगळं उघडलं. एक शिम काढली आणि डबीत टाकली. त्याआधी एकदा — हो, त्याआधीही एकदा. दोनदा. बायको काय म्हणेल तुमची, वेडी आहे म्हणेल. म्हणू दे.

फिरवते. अडवा. अजून. उलट्या बाजूनेही. थांबा, टॉर्च द्या.

हं.

या इकडे. माझ्याकडे काय बघताय, दाताकडे बघा. रंग पुसला गेलाय तो भाग — कडेला नाही, बुडाशी नाही. मला माहीत होतं कुठली शिम ते. सकाळी तुम्ही यायच्या आधीच घातली.

आता खरं बेअरिंग दाबायचं आणि हा नट आवळायचा. आत ही नळी असते, नट आवळताना ती चेपते. एकदा चेपली की परत उघडून तीच बसवता येत नाही. माझ्याकडे एकच आहे. आणू दुसरी? मिळते दुकानात, मिळत नाही असं नाही. — नको. तुम्ही सांगू नका काही. पाना द्या तो लांबवाला. फडकं तिथेच टाका, हात आत धुवा — नको, आत नको, बाहेर नळ आहे, तिथे धुवा.

शनिवारी या. किल्ली मीटरच्या पेटीवर असेल, कागद सीटखाली. पहिले पाचशे किलोमीटर सावकाश, मग तेल बदला. नाही, घरीच असेन मी. पण बेल वाजवू नका.