पाय नेहमीसारखाच पडला

मी, गाडी चालवणाऱ्याची पत्नी, वय ६६, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की, माझे पती शाळेच्या बसचे निवृत्त चालक आहेत. जावयाचे गॅरेज आहे. आमची गाडी जुनी असून तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते.

आज सकाळी पतीने ती जावयाच्या गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून घेतली. मी शेजारी बसले होते. गॅरेजच्याच रस्त्यावर पुढे गाड्या धुण्याच्या सेंटरसमोर कायम पाणी असते. ड्रममध्ये पाणी गेले की ब्रेक लवकर पकडत नाही, म्हणून पाण्यातून निघाल्यावर पती चौकाच्या बऱ्याच अलीकडून पाय दाबून धरतात. आजही तसाच धरला. गॅरेजपासून तिथवर ब्रेक लावायची वेळ आली नव्हती. गाडी जागच्या जागी थांबली व मागचा टेम्पो आदळला. कोणाला लागले नाही. डिकी चेपली.

टेम्पोवाला म्हणाला, "आजोबा, रस्ता मोकळा होता की! ब्रेक कशाला मारला?" एरवी पती कोणाचे ऐकून घेत नाहीत. आज आपल्या पायाकडे बघत राहिले. मग किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "पायाचा अंदाज गेला गं. विकून टाक गाडी." मला फार वाईट वाटले.

आवाज ऐकून जावई धावत आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवलेत, बूस्टर पण टाकलाय. पाण्यातसुद्धा नुसता पाय टेकवला की पकडतात. बाबांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. संध्याकाळी घरी येऊन सांगणार होतो." मी म्हटले, "मोठा शहाणा! ब्रेक बदललेस आणि चालवणाऱ्यालाच पत्ता नाही!" त्याने काळजीपोटी केले, माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. सासऱ्यांसमोर जायची त्याची छाती होत नाही, म्हणून तो ठाण्याच्या फाटकाबाहेर उभा आहे.

पतीने माझ्याआधी दिलेल्या त्यांच्या जबाबात 'वयामुळे चूक झाली' असे सांगितल्याचे समजले. ते खरे नाही. त्यांना ब्रेकचे अजून कोणी सांगितलेले नाही.

माझा हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'अचानक ब्रेक मारला' असे लिहिले होते. तिथे 'अचानक' खोडून 'नेहमीसारखा' करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या पतींनाही तो मोठ्याने वाचून दाखवावा. त्यानंतर मी त्यांना किल्ली देणार आहे. घरी गाडी तेच नेतील.