टाळ्या कुणाच्या

मंडळी, पुढं सरका, ऐसपैस बसा! एक प्रश्न विचारतो — माणसाच्या हाती माईक आला, तो बोलला, टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कुणाच्या? बोलणाऱ्याच्या? नक्की? ऐका तर मग!

मंजुळा तांदळे. इतिहासाची संशोधक. म्हणजे काय? तर तीनशे वर्षांपूर्वी कोण कुठं जेवलं ते हिला ठाऊक, आणि पुढच्या महिन्यात आपण कुठं जेवायचं — ते नाही! हसू नका, तुमच्याही घरात असेल एखादी! साताऱ्याकडच्या एका गावच्या बारवेवर, पायऱ्यांच्या विहिरीवर, तिचा अभ्यास. पुण्याच्या एका संशोधन मंडळानं जाहीर केलं — नव्या अभ्यासकांनी निबंध पाठवा, सभेत व्याख्यान द्या. उत्तम कामाला दोन वर्षांची शिष्यवृत्ती! मंजुळाची व्याख्यानाला निवड झाली. घरी वडील म्हणाले होते, "हे शेवटचं. नाही जमलं तर गुमान नोकरी धरायची."

आता सांगा, जुनी मोडी लिपी तिला शिकवली कुणी? प्राध्यापकांनी? छे! दगडूमामा कारंड्यांनी! तहसील कचेरीतले शिपाई. तीस वर्षं कागदांचे गठ्ठे खांद्यावर वाहिले आणि वाहता वाहता वाचायला शिकले. पोरीला समोर बसवून अक्षर न् अक्षर गिरवून घेतलं. आणि निबंधात त्यांचं नाव? — नव्हतं! विद्वानांच्या यादीत शिपाई कसा दिसेल, असं वाटलं तिला. रागावू नका, माईकपुढं माणसाला स्वतःशिवाय कुणी दिसत नाही. माझ्याकडं काय बघता!

व्याख्यानाच्या दिवशी मामा आले, इस्त्रीची टोपी घालून. दारात छापील निबंध मिळाला, तो उभ्याउभ्या वाचला आणि मंजुळाला बाजूला घेतलं.

"पोरी, बारवेचं साल कसं काढलंस?"

"कागदावर जुन्या दप्तरातला सुहूर सन होता, मामा. इसवी सन काढायला त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले."

"महिना कंचा?"

"चैत्र."

"मग चुकलीस. त्यो सन जूनात, मृगाला बदलतो. डिसेंबरपत्तुर पाचशे नव्व्याण्णव. जानेवारी लागला की मृगापत्तुर सहाशे!"

एका वर्षाची चूक, मंडळी! म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, हिनं धरलेला चैत्र आणि खरा चैत्र, यांच्या मधेच पाऊस बुडाला होता! निबंध सांगत होता — गाव केवढं दूरदृष्टीचं, दुष्काळ यायच्या आधीच बारव खोदली! आणि खरं काय? दुष्काळ पडल्यावर, उपाशीपोटी खोदली! अख्खा निबंध कोसळला की हो!

मामा म्हणाले, "मी कुनापाशी बोलनार न्हाई. तुझं तू ठरीव." आणि जाऊन मागच्या खुर्चीवर बसले.

तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. पहिलंच वाक्य काय बोलली? —

"माझ्या निबंधातलं साल चुकलंय. चूक माझी. ती दाखवली दगडूमामा कारंडे यांनी. मला मोडी शिकवली तीही त्यांनीच. त्यांचं नाव मी छापलं नाही, ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे."

मग ती उपाशी माणसांच्या बारवेबद्दल बोलली — कागद बाजूला ठेवून. टाळ्या पडल्या तेव्हा तिनं मागच्या रांगेकडं हात केला. सगळ्या माना वळल्या. मामांना कळेना उभं राहावं की पळावं!

शिष्यवृत्ती मिळाली का? नाही! दुसऱ्याला मिळाली. नियम म्हणजे नियम, चुकलेल्या निबंधाला कशी देणार? अध्यक्ष म्हणाले, "निबंध दुरुस्त करून पुढच्या वर्षी या." बाहेर येऊन ती मामांच्या पायाशी वाकली. मामा डोळे पुसत म्हणाले, "माझं नाव आजपत्तुर फकस्त हजेरीला पुकारलं गं."

मंजुळानं तिथूनच वडिलांना फोन लावला. "नोकरी धरते, बाबा. पण बारव सोडणार नाही. संध्याकाळी मामांकडं बसेन." मंडळी, रिकाम्या हातांनी निघालेली ती पोर काय समाधानानं बोलत होती म्हणून सांगू!

आता तुम्ही! पहिलं अक्षर कुणी गिरवून घेतलं? पहिली भाकरी थापायला, पहिलं चाक फिरवायला कुणी शिकवलं? मला ताल शिकवला तो हा मागं बसलेला मृदंगवाला — सदोबा! वीस वर्षं माझ्या चुका झाकतोय आणि हार मात्र मी घालून घेतो! घे रे बाबा, हा हार तुझा!

देवाचं नाव नंतर घेऊ. आधी ज्यानं तुम्हाला घडवलं त्याचं घ्या. मनात नाही — मोठ्यानं! हं, कोपऱ्यातल्या आजी, तुमच्यापासून सुरुवात. रडू येतंय? येऊ द्या. पण नाव घ्या!